ताई, तुम्ही अजून निळ्यातच?

मी पट्टा बोलतोय. कमरेचा नव्हे हो, छातीचा. पँट सावरून धरणारे ते माझे दूरचे चुलतभाऊ. त्यांना बक्कल आहे, मान आहे. माझ्याकडे काय, तर एक प्लॅस्टिकचा आकडा आणि पोटात नाण्याएवढी बॅटरी. काम विचाराल तर एकच. माणसाच्या बरगड्यांना मिठी मारून बसायचं, त्याच्या काळजाचे ठोके मोजायचे आणि भिंतीवरच्या मोठ्या पडद्याला कळवायचे. एवढ्याशा कामापायी मी जो मनस्ताप भोगलाय तो वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये. आज बोलून मोकळा होतो. मध्ये बोलू नका, माझं डोकं आधीच फिरलंय.

जन्म माझा कारखान्यातला. लांबलचक टेबलावर आम्ही सगळी भावंडं ओळीने पडलो होतो. तपासणाऱ्या बाईने एकेकाला ताणून पाहिलं. माझ्यापाशी आल्यावर म्हणाली, "हा जरासा सैल आहे, पण चालेल." जन्मल्या जन्मल्या हे ऐकावं लागलं. खोक्यात भरून आम्ही व्यायामाच्या एका हॉलवर पोचलो. नेहमी येणाऱ्या लोकांनी माझी भावंडं विकत घेतली. सैल म्हणून मी तेवढा उरलो आणि हॉलच्याच मालकीचा झालो. नवा माणूस आला की त्याला मला बांधतात. पडद्यावर प्रत्येकाच्या नावाचा एक चौकोन असतो. माझ्या चौकोनावर नुसतं 'पाहुणा' लिहिलेलं. बाई असो, बुवा असो, मी बांधला की पाहुणाच.

हॉल म्हणजे टायरच्या दुकानावरचा पहिला मजला. जाड काळी रबरी जमीन, चारही भिंतींना आरसे. संध्याकाळी ऑफिसं सुटली की माणसं चांगली धडधाकट वर येतात आणि तासाभराने कठड्याला धरून जिना उतरतात. दिवसभर लिफ्ट शोधायची आणि संध्याकाळी लाकडी खोक्यावर चढून-उतरून जीव काढायचा, हे माणसाचं गणित मला आजवर उलगडलेलं नाही. खालचा टायरवाला अधूनमधून छताला काठी ठोकून शिव्या घालतो. तो म्हणतो ते मला पटतं.

इथल्या सरांच्या गळ्यात कायम शिट्टी, म्हणून सगळे त्यांना शिट्टीसर म्हणतात. माणूस वाईट नाही. कुणाचा गुडघा दुखला तर बर्फ आणायला स्वतः धावतात. पण त्यांचा सगळा जीव त्या पडद्यात. तुमचं वय सांगितलं की तुमचं काळीज किती धावायला हवं हे पडदाच ठरवतो. आरामात असाल तर चौकोन निळा. जरा जोर लावला की हिरवा, मग पिवळा आणि काळीज तोंडाशी आलं की लाल. लाल झाला की सर टाळी वाजवतात. त्यातून एक नियम त्यांनी स्वतःच्या डोक्यातून काढलाय. शेवटच्या फेरीत एक जरी चौकोन निळा राहिला तर सगळ्यांनी आणखी एक फेरी करायची. ह्याला सर 'एकी' म्हणतात. मला विचाराल तर हे एकमेकांच्या जिवावर उठणं आहे.

ह्या नियमापायी लोक काय काय शिकले! बँकवाले म्हणून एक गृहस्थ आहेत, बँकेत मॅनेजर. सर पाठमोरे झाले की हे गुडघ्यावर हात टेकून उभे राहतात. शेवटची फेरी आली की मात्र अशा काही उड्या मारतात की बघत राहावं. लाल रंग आणि सरांची टाळी, दोन्ही खिशात. व्यायाम चुकला तरी चालतो, रंग चुकता कामा नये.

अशा ठिकाणी ती आली. पन्नाशीला टेकलेली, दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसणारी. अंगात नवऱ्याचा ढगळ टी-शर्ट, पायात नवेकोरे बूट आणि चेहऱ्यावर चुकीच्या दारात शिरल्याचा भाव.

"वजन कमी करायचंय ना ताई?" सरांनी ठरलेला प्रश्न टाकला.

"नाही. वडील उचलायचेत."

"काय उचलायचंय?"

"वडील. माझे वडील. डावी बाजू गेलीय त्यांची. पलंगावरून खुर्चीत न्यायचं, खुर्चीतून पलंगावर. मागे एकदा उचलताना माझेच गुडघे वाकले. दोघं घसरून जमिनीवर बसलो. हे दुकानातून घरी येईपर्यंत तसेच बसून होतो. परक्याचा हात ते अंगाला लावून घेत नाहीत. आणि माझा भाऊ म्हणतो, तुला झेपत नसेल तर त्यांना वृद्धाश्रमात ठेवू. सुट्टी काढून येणार आहे तो, दोन-तीन महिन्यांनी. तोवर मला झेपायला हवं."

सर म्हणाले, "होईल ताई, नक्की होईल. काही आजारबिजार?"

"छे हो! पूर्वी बीपी होतं. आता अगदी बरोबर असतं."

सरांनी मान डोलावली आणि मला खुंटीवरून काढून तिच्या हातात दिलं. कुणी पुढे काही विचारलं नाही. मीही ऐकून सोडून दिलं, मला कुठे अक्कल होती!

पहिल्याच दिवशी तिचे जे हाल झाले ते मला सांगवत नाहीत. शिट्टी वाजली की खाली बसायचं, पाय मागे फेकायचे, छाती जमिनीला लावायची, उठायचं आणि वर उडी मारायची. ह्याला बर्पी म्हणतात. नाव गोंडस आहे, त्याला फसू नका. ती खाली गेली ते ठीक, पण वर येण्याचा रस्ताच तिला सापडेना. शेजारच्या दोन मुली तोवर चारदा उठून बसल्या होत्या. खोक्यावर उडी मारायची वेळ आली तर ही खोक्याकडे नुसती बघत राहिली आणि शेवटी पायरी चढावी तशी चढली. दोरखंड हलवताना तो हिलाच हलवून गेला. घामाने मी निथळत होतो. बरगड्या अशा वरखाली होत होत्या की माझा आकडा तुटतो की काय असं वाटलं. आता निदान पिवळा तरी होईल, असं मी गृहीत धरून चाललो होतो.

मोजून बघतो तर काय, ठोके जागच्या जागी. बाई चढण चढतेय, धापा टाकतेय आणि काळीज मात्र बागेत फिरायला निघालेलं! मी पुन्हा मोजले. तेच.

"ताई, तुम्ही अजून निळ्यातच?" सर पडद्याखालून ओरडले. "फिरायला आलात का? जोर लावा, जोर!"

ती काय बोलणार? बोलायला श्वास कुठे होता! शेवटची फेरी संपली, पाहुणा निळा आणि सगळ्यांना एक फेरी जास्त. आरशात सगळ्यांनी तिच्याकडे कसं पाहिलं ते मी बघितलं. घरी जाताना ती जिना एकेक पायरी करत, उलटी उतरली.

वाटलं, आता ही काही परत येत नाही. पण ती आली. परत आली आणि येतच राहिली, बाईची चिकाटी दांडगी. आणि रोज तेच. रोज निळा. आधी सर म्हणाले, पट्टा सैल असेल. मला असा आवळला की तिला धड श्वास घेता येईना. मग म्हणाले, कोरडा असेल, पाणी लावा. मग बॅटरी बदलली. मग दुसऱ्या कुणाचा पट्टा तिला आणि मला दुसऱ्या कुणाला. दुसऱ्याच्या छातीवर मी झटक्यात लाल, आणि तिच्या छातीवर माझा भाऊही निळा. बँकवाले मोठ्याने म्हणाले, "नाचता येईना अंगण वाकडं."

सर तिला समजावून सांगायचे, "पट्टा खोटं बोलत नाही ताई." हे वाक्य ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. खोटं मी बोलत नाही, कबूल. पण सगळं तरी कुठे बोलतो? मला एकच गोष्ट बोलता येते, ठोके. तिच्या मांड्या थरथरतात, ओठ पांढरे पडतात, डोळ्यांत घाम जातो की आणखी काय जातं, ह्यातलं काही मला सांगता येत नाही. अहो, तुम्हाला देवाने दोन डोळे दिलेत, ते काय पडद्यावर चिकटवायला? माणूस समोर धापा टाकतोय आणि तुम्ही भिंतीला विचारताय की हा दमलाय का!

आणि वडिलांची गोष्ट? ती पहिल्या आठवड्यातच हॉलभर झाली. तिचं नाव पडलं श्रावणबाळ. आधी कौतुकाने म्हणायचे. जादा फेऱ्या वाढत गेल्या तसं त्यातलं कौतुक गेलं आणि टोमणा उरला. ती आली की कुणीतरी पुटपुटायचं, "आली बाई. आज पुन्हा एक फेरी जास्त." ती ऐकून न ऐकल्यासारखं करायची. माझ्यापासून काय लपवणार? मी तिच्या छातीवरच बसलेला.

एक सांगायचं राहिलं. कोपऱ्यात वाळूने भरलेलं एक लांबडं पोतं आहे. ते जमिनीवरून कवेत घेऊन उभं राहायचं, हा एक व्यायाम. बाकीच्यांना त्याचा कंटाळा. ही मात्र त्या पोत्याजवळ गेली की वेगळीच व्हायची. खाली बसून त्याला जवळ घ्यायची आणि नकळत तिच्या तोंडून निघायचं, "चला बाबा, उठा." मुली खुसखुसायच्या. सुरुवातीला ते पोतं हलतच नसे. मग गुडघ्यापर्यंत आलं, मग पोटापर्यंत. एक दिवस ती त्याला छातीशी धरून ताठ उभी राहिली. मी दोघांच्या मध्ये चेंगरलो आणि मला जन्मात पहिल्यांदा कुणाचा तरी अभिमान वाटला. पण पडद्यावर काय? निळा. पोतं उचलल्याचा रंगच नाही तिथे. सरांचं लक्षही गेलं नाही, ते बँकवाल्यांच्या लाल रंगाला टाळी वाजवत होते.

मग तो दिवस आला. भाऊ त्याच संध्याकाळी यायचा होता, म्हणून ती आधीच धास्तावलेली. त्यात सरांनी त्या दिवशी सगळ्यांना पार पिळून काढलं होतं. शेवटची शिट्टी वाजली तेव्हा अर्धी माणसं जमिनीवर आडवी पडली होती. पडदा वरपासून खालपर्यंत लालभडक, आणि मध्ये एकच चौकोन निळा.

"एक फेरी सगळ्यांनी!" सर म्हणाले.

बँकवाले उठून बसले. घामेजलेलं तोंड पुसत म्हणाले, "अहो श्रावणबाळ, कावड झेपत नसेल तर खाली ठेवा ना! आमच्या खांद्यावर कशाला?"

कुणी हसलं नाही. हसायलाही कुणात त्राण नव्हतं. ती भिंतीला टेकून उभी होती. म्हणाली, "मी मरतेय इथे. दिसत नाही का कुणाला?"

सर शांतपणे म्हणाले, "ताई, पडदा बघा. काय दिसतंय? तुम्ही अजून खूप करू शकता."

तिने पडद्याकडे पाहिलं नाही. पिशवी उचलली, बूटसुद्धा न बदलता जिना उतरली आणि घराचा रस्ता धरला. मला काढून खुंटीला लावायचंही तिच्या डोक्यात आलं नाही. टी-शर्टच्या आत मी तसाच, तिच्या हुंदक्यांबरोबर वरखाली होत होतो. माझी चूक नव्हती हो, पण लाज मलाच वाटत होती.

घरी नवरा स्वयंपाकघरात कांदा चिरत होता. औषधांच्या दुकानात काम करतो तो. तिने पिशवी फेकली आणि घडाघडा सगळं ओकली. रंग, निळा, जादा फेरी, कावड, सगळं. त्याचा चिरणारा हात मध्येच थांबला.

"काळीज धावतच नाही म्हणतात?"

"हो! मी काय मुद्दाम करते का?"

"अगं, तुझी सकाळची गोळी! ती बीपीची गोळी काळजाला धावूच देत नाही. तेच तिचं काम. तू कितीही उड्या मार, ठोके वाढायचेच नाहीत फारसे. सांगितलं नाहीस त्यांना?"

"त्यांनी आजार विचारला. गोळी कुठे विचारली? गोळी घेते म्हणून तर बीपी नाही ना मला!"

त्याने कपाळावर हात मारला. "धन्य आहेस! आणि तू मला का नाही विचारलंस?"

"मला काय स्वप्न पडलं होतं? तुम्हीच रोज गोळी हातात देता, तुम्हाला सुचायला काय झालं होतं?"

"मला कुठे माहीत होतं की तिथे काळजाला रंग देतात!" तो म्हणाला. "डॉक्टरांना विचारल्याशिवाय आता एक उडी मारायची नाहीस."

ऐकलंत? एवढीशी गोळी. तिच्यापायी बाईला एवढे दिवस आळशी ठरवलं आणि पुरावा म्हणून मला उभं केलं. चोर सोडून संन्याशाला सुळी ती हीच. माझ्या अंगाची अशी लाहीलाही झाली, आणि ऐकवायला समोर पडदाही नव्हता.

तेवढ्यात दार वाजलं. भाऊ आला. दुष्काळात तेरावा महिना. प्रवासाने शिणलेला, हातात फळांची पिशवी. आत गेला, वडिलांच्या पायांना हात लावला आणि चहा होईपर्यंतसुद्धा त्याला धीर धरवला नाही.

"जागा बघून आलोय मी. चांगली आहे, नर्स असते कायम. बाबा, तुमचीही सोय आणि हिचीही सुटका."

वडिलांचं तोंड डावीकडे ओघळलेलं, पण डोळे लखलखीत. त्यांनी नुसतं मुलीकडे पाहिलं. जेवायची वेळ झाली होती, त्यांना खुर्चीत बसवायचं होतं. नवरा पुढे झाला तर तिने त्याला हाताने थांबवलं.

ती पलंगापाशी गेली. पाय फाकवून उभी राहिली, गुडघे वाकवले, वडिलांचा चांगला हात आपल्या मानेभोवती घेतला आणि त्यांना छातीशी ओढलं. हॉलमध्ये पोत्याशी करायची तेच सगळं, पण कितीतरी हळू. मी दोघांच्या मध्ये सापडलो. एका अंगाला तिचं काळीज, गोळीने दावणीला बांधलेलं, संथ. दुसऱ्या अंगाला, कपड्यांपलीकडे, म्हाताऱ्याचं घाबरलेलं काळीज भराभरा उडत होतं. एकाच वेळी दोन काळजं मला कधी ऐकू आली नव्हती. ती उठली. तिच्या मांड्या थरथरल्या पण वाकल्या नाहीत. वळली, दोन पावलं टाकली आणि वडिलांना खुर्चीत अलगद बसवलं. त्यांची टोपीसुद्धा हलली नाही.

मग ती कमरेवर हात ठेवून धापा टाकू लागली. आधीच तासभर पिळून निघालेली, वर हे.

भाऊ म्हणाला, "बघ. बघ किती दम लागलाय तुला! हेच म्हणतोय मी. झेपत नाहीये तुला."

कप्पाळ माझं! हॉलमध्ये म्हणे दम लागत नाही म्हणून नालायक, आणि घरी म्हणे दम लागतो म्हणून नालायक. बाईने श्वास तरी कुठे जाऊन घ्यायचा? मला तोंड असतं तर त्या भावाला मी तिथेच फाडून खाल्ला असता.

पण बोलले ते वडील. जीभ जड झालेली, एकेक शब्द ओढून काढावा लागत होता. सगळे थांबून राहिले.

"दम तिला लागलाय," ते मुलाला म्हणाले. "झेपत नाहीये ते तुला."

भावाचे कान लाल झाले. तो उठला. मग खुर्चीच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभा राहिला. बहिणीकडे न बघताच म्हणाला, "परत नेताना कसं धरायचं ते दाखव मला." ती हसली नाही की रडली नाही. म्हणाली, "आधी हात धुऊन ये, प्रवासातून आलायस."

झोपायला जाताना तिला छातीवर मी सापडलो. "अगं बाई, हा इथेच राहिला!" म्हणाली आणि मला पिशवीत टाकलं. तिथेच आहे मी अजून. भाऊ चार दिवस राहून, बापाला उचलायला शिकून गेला. त्या जागेचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही. पुढे काढणार नाही, असं मी छातीठोक सांगू शकत नाही. डॉक्टरांनी तिला सांगितलंय, व्यायाम सोडू नका, पण रंगाच्या मागे लागू नका. करता करता दोन वाक्यं बोलता आली पाहिजेत, इतपतच करा. उद्या ती मला परत द्यायला आणि सरांना गोळीचं सांगायला हॉलवर जाणार आहे. सर ऐकतील का? बँकवाले माफी मागतील का? मला नाही वाटत. एकीचा तो नियम जाईपर्यंत मी तरी ह्या लोकांवर विश्वास ठेवणार नाही.

मला पुन्हा खुंटीवर टांगतील, पुन्हा कुणी नवा पाहुणा येईल. तो कदाचित तुम्हीच असाल. मला खुशाल बांधा, मी माझे ठोके इमानाने मोजीन. फक्त शेजारी कुणी निळ्यात दिसला तर माझ्या भरवशावर त्याला बोल लावू नका. तो कुणाला उचलायला आलाय ते मला ठाऊक नसतं. त्यालाच विचारा.